लोकसभेचे दादासाहेब

महाराष्ट्राबाहेर राहून मराठीपण जपणाऱ्या आम्हा इंदूरकरांना गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर घरचेच वाटतात. मूळ घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे गावचे. जन्म १८८८ मध्ये बडोद्यात, वकिली अहमदाबादेत.

१९५२ मध्ये ते पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष झाले. प्रश्नोत्तराच्या तासात मंत्री ‘चौकशी करू’ म्हणत, सभागृह पुढच्या कामाला लागे. तो शब्द पाळला की नाही, हे कोण पाहणार? दादासाहेबांनी १९५३ मध्ये त्यासाठी आश्वासन समितीच नेमली. ऊठसूट वटहुकूम काढणेही त्यांना रुचत नसे. पंतप्रधान नेहरूंना त्यांनी तसे पत्राने कळवले.

तरीही १९५४ च्या डिसेंबरात विरोधकांनी पक्षपाताचा ठपका ठेवून त्यांच्या पदच्युतीचा ठराव मांडला. चर्चा झाली, ठराव फेटाळला गेला. १९५६ मध्ये पदावर असतानाच त्यांचे निधन झाले.

पुढे २०१४ ते २०१९ त्याच आसनावर आपल्या सुमित्राताई महाजन बसल्या, याचा आम्हाला अभिमान आहे. पण दादासाहेबांचा खरा वारसा एवढाच : सभेत दिलेला शब्द सभा संपल्यावरही बांधतो. आमच्या मंडळांनाही तो लागू आहे.