ऑलिव्हर विंचेस्टर : शर्ट विकणाऱ्या माणसाचं नाव लिव्हर-ॲक्शन रायफलवर कसं आलं?

बीजीएमआय खेळत असाल तर मिरामार मॅपवर विन९४ नावाची बंदूक तुम्ही नक्की उचलली असेल. त्यातलं ‘विन’ म्हणजे विंचेस्टर. काउबॉय सिनेमांमध्ये हिरो खालचा लोखंडी कडीसारखा भाग खाली-वर करून पटापट गोळ्या झाडतो, ती रायफलसुद्धा बहुतेक वेळा विंचेस्टरच असते. गंमत म्हणजे ज्याचं नाव या बंदुकीवर आहे, त्या ऑलिव्हर विंचेस्टरने स्वतः एकही बंदूक डिझाइन केली नाही. तो शर्ट शिवून विकायचा! मग हे घडलं कसं? चला, जाणून घेऊया.

शर्टाचं पेटंट

ऑलिव्हर फिशर विंचेस्टरचा जन्म ३० नोव्हेंबर १८१० रोजी अमेरिकेतल्या बोस्टन शहरात झाला. वडील तो अगदी लहान असतानाच गेले. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे आधी शेतावर काम आणि मग सुतारकाम शिकणं, असं त्याचं बालपण गेलं. पुढे बाल्टिमोरमध्ये त्याने पुरुषांच्या कपड्यांचं दुकान टाकलं.

दुकानात बसून त्याला एक गोष्ट कळली. त्या काळचे शर्ट गळ्याला ओढले जायचे. त्याने खांद्यावरची शिवण वक्राकार केली, म्हणजे ताण गळपट्टीऐवजी खांद्यावर येतो. १८४८ मध्ये त्याला या कापणीचं पेटंट मिळालं. मग कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन शहरात भागीदारीत शर्टांचा कारखाना सुरू झाला आणि जोरात चालला. हातात पैसा आला. आता तो गुंतवायचा कुठे?

बुडालेली कंपनी का घेतली?

१८५५ मध्ये त्याने व्होल्कॅनिक नावाच्या बंदूक कंपनीत पैसे घातले. ही कंपनी होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांनी उभी केली होती. पुढे रिव्हॉल्व्हरसाठी प्रसिद्ध झालेले स्मिथ आणि वेसन ते हेच. या बंदुकीची मूळ कल्पना वॉल्टर हंटची होती. सेफ्टी पिनचा शोधही याच हंटने लावलाय.

कल्पना भारी होती, पण गोळीत घोळ होता. गोळीच्या मागच्या पोकळ भागातच दारू भरलेली असायची. जागा कमी, म्हणून दारू कमी, म्हणून मार कमजोर. शिवाय गॅस मागून गळायचा. १८५७ च्या सुरुवातीला कंपनीचं दिवाळं निघालं.

इथे दुसरा कुणी असता तर हात झटकून मोकळा झाला असता. विंचेस्टरने मात्र कंपनीची सगळी मालमत्ता विकत घेतली, न्यू हेवन आर्म्स ही नवी कंपनी काढली आणि कारखान्याची जबाबदारी बेंजामिन टायलर हेन्री या कुशल कारागिराकडे दिली.

लिव्हर-ॲक्शन चालते कशी?

हेन्रीने मूळ दुखण्यावर इलाज केला. त्याने तांब्याच्या कवचाचं ०.४४ इंची काडतूस तयार केलं आणि बंदूक त्याच्याभोवती बसवली. १६ ऑक्टोबर १८६० रोजी पेटंट मिळालं.

यंत्रणा सोपी करून सांगायची तर अशी:

१. नळीखाली दुसरी नळी असते, तिच्यात काडतुसं एकामागोमाग झोपवलेली असतात. हे मॅगझीन.
२. लिव्हर खाली ढकलली की आतला सांधा गुडघ्यासारखा दुमडतो आणि बोल्ट मागे जातो. रिकामं कवच बाहेर उडतं, घोडा मागे चढतो.
३. लिफ्टसारखा एक ठोकळा पुढचं काडतूस वर आणतो.
४. लिव्हर परत वर घेतली की बोल्ट ते काडतूस नळीत ढकलतो आणि सांधा ताठ होऊन मागची बाजू बंद करतो.

हाताच्या एका हालचालीत सगळं काम! त्या वेळी बहुतेक सैनिक एक गोळी झाडून पुन्हा नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासत बसायचे. हेन्री रायफलमध्ये मॅगझीनमध्ये १५ आणि नळीत १, अशा १६ गोळ्या मावायच्या.

अमेरिकन गृहयुद्धात सरकारने फक्त १,७३१ हेन्री रायफली घेतल्या. पण अनेक सैनिकांनी स्वतःच्या खिशातून घेतल्या. किंमत साधारण ४० डॉलर, आणि साध्या शिपायाचा पगार महिन्याला १३ डॉलर! म्हणजे तीन महिन्यांचा पगार एका बंदुकीत. जीव वाचण्याची शक्यता वाढते म्हटल्यावर लोक पैसे मोजतात, हे विंचेस्टरला इथे कळलं.

मालक की शोधक?

आता गोष्टीतला खरा पेच. बंदूक हेन्रीच्या नावाने विकली जायची, पण पेटंटचा हक्क हेन्रीकडे नव्हता. आपल्याला वाटा कमी मिळतो, असं हेन्रीला वाटू लागलं. विंचेस्टर युरोपात असताना हेन्रीने कंपनीची मालकी आपल्याला मिळावी म्हणून थेट कनेटिकटच्या विधिमंडळाकडे अर्ज केला.

विंचेस्टर घाईने परतला आणि त्याने सगळी कंपनीच नव्याने बांधली. १८६६ मध्ये विंचेस्टर रिपीटिंग आर्म्स कंपनी जन्माला आली. हेन्री बाहेर पडला आणि बंदुकीवरचं नाव बदललं.

मग चूक कोणाची? डोकं हेन्रीचं होतं, हे खरं. पण दिवाळखोर कंपनीत पैसे घालून वर्षानुवर्षं जोखीम उचलली विंचेस्टरने, हेही खरं. स्टार्टअपच्या जगात आजही हाच वाद चालू असतो. एक खूण मात्र राहिली: कंपनीच्या रिमफायर काडतुसांच्या बुडावर ‘एच’ हे अक्षर उमटवलेलं असायचं, हेन्रीच्या आठवणीत.

१८६६ आणि १८७३

हेन्री रायफलचं मॅगझीन खालून उघडं असायचं, त्यात माती जायची. शिवाय ते पुढून भरावं लागे. नेल्सन किंगने बाजूला छोटी झडप दिली, तिच्यातून काडतुसं आत सरकवायची. पितळेसारख्या चमकणाऱ्या या १८६६ मॉडेलला लोक ‘यलो बॉय’ म्हणू लागले. १,७०,००० हून जास्त बनल्या. अमेरिकन लष्कराने फारसा रस घेतला नाही, पण ऑटोमन तुर्कांनी हजारोंच्या संख्येने घेतल्या आणि १८७७ मध्ये प्लेव्हनाच्या वेढ्यात रशियन सैन्यावर चालवल्या.

मग आलं १८७३ मॉडेल आणि त्याचं .४४-४० काडतूस. थोड्याच वर्षांत कोल्टने याच काडतुसाचं रिव्हॉल्व्हर आणलं. म्हणजे रायफल आणि रिव्हॉल्व्हर दोन्हीला एकच गोळी! सगळ्या गॅजेट्सना एकच चार्जर चालावा, तसंच हे. या मॉडेलच्या ७,२०,००० हून जास्त रायफली बनल्या.

या यशाची दुसरी बाजूही बघायला हवी. पश्चिमेकडे सरकणाऱ्या गोऱ्या वसाहतींनी मूळ रहिवाशांच्या जमिनी घेतल्या, त्यात या बंदुका होत्या. आणि १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टरच्या तुकडीचा पराभव करणाऱ्या लाकोटा आणि शायान योद्ध्यांकडेही हेन्री आणि विंचेस्टर होत्या. रणभूमीवर सापडलेल्या कवचांवरून हे सिद्ध झालंय. ‘पश्चिम जिंकणारी बंदूक’ ही जाहिरात तर विंचेस्टर गेल्यानंतर, विसाव्या शतकात आली.

मृत्यू आणि नंतर

११ डिसेंबर १८८० रोजी ऑलिव्हर विंचेस्टरचं निधन झालं. तीनच महिन्यांनी मुलगा विल्यम क्षयाने गेला. विल्यमची विधवा सारा हिने कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये वर्षानुवर्षं वाढवत नेलेलं घर आज ‘विंचेस्टर मिस्टरी हाउस’ म्हणून प्रसिद्ध आहे.

गुडघ्यासारखा सांधा जास्त ताकदीची काडतुसं झेलू शकत नव्हता. १८८३ मध्ये विंचेस्टरचा जावई टी. जी. बेनेट युटातल्या ऑग्डेनला गेला आणि जॉन ब्राउनिंग या तरुणाकडून डिझाइन विकत घेऊन आला. त्यातूनच पुढे मॉडेल ९४ आलं. ते ७० लाखांहून जास्त बनलं. हीच तुमच्या गेममधली विन९४!

संग्राहक नेमकं काय बघतात?

- सिरीयल नंबर: वायोमिंगमधल्या कोडी फायरआर्म्स म्युझियममध्ये कारखान्याच्या जुन्या नोंदी आहेत. अनेक जुन्या रायफली कधी बनल्या, कशा होत्या, ते तिथे कळतं.
- मूळ फिनिश: चकचकीत पॉलिश करून घेतली की किंमत वाढत नाही, उलट घटते. झिजलेली पण अस्सल बरी.
- १९६४ ची रेषा: त्या वर्षी कंपनीने उत्पादन स्वस्त केलं. म्हणून ‘प्री-६४’ ला भाव जास्त.
- ‘वन ऑफ वन थाउजंड’: चाचणीत अचूक ठरलेल्या नळ्यांच्या खास रायफली, १८७५ च्या कॅटलॉगमध्ये १०० डॉलरला. १८७३ मॉडेलच्या अशा फक्त १३० च्या आसपास बनल्या. १९५० च्या ‘विंचेस्टर ’७३’ सिनेमाच्या वेळी स्टुडिओने त्या शोधायची मोहीमच काढली होती.
- नव्या रायफली: न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद झाला. आज विंचेस्टर नावाच्या लिव्हर-ॲक्शन जपानची मिरोकू कंपनी बनवते. इटलीची उबेर्ती जुन्या मॉडेलच्या प्रतिकृती काढते. आणि आजची हेन्री कंपनी? तिचा जुन्या हेन्रीशी फक्त नावापुरता संबंध.

हे सगळं अमेरिकेतलं. भारतात परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोनच ठेवता येतात. त्यामुळे ऑनलाइन जाहिरातींच्या नादी लागू नका.

जाता जाता एक किस्सा. २०१४ मध्ये नेव्हाडातल्या ग्रेट बेसिन नॅशनल पार्कमध्ये एका जुनिपरच्या झाडाला टेकून ठेवलेली १८७३ विंचेस्टर सापडली. लाकूड उन्हापावसाने पांढरं पडलेलं, दस्ता मातीत रुतलेला. कोडीच्या नोंदींवरून कळलं की ती १८८२ मध्ये बनली होती. पण ती तिथे ठेवून कोण गेलं आणि परत का आलं नाही, हे मात्र कोणत्याच नोंदीत नाही.