एकटीने गाठलेली अमेरिका

कार्यवाहांचा फोन आला तेव्हा मी आनेकल रोड स्टेशनजवळ रुळांवर उभा होतो. यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असा त्यांचा आग्रह. मी पडलो डिप्लोमावाला इंजिनिअर. रूळ, स्लीपर आणि खडी यांचे रिपोर्ट लिहिण्यात निम्मी हयात गेली. लेख वगैरे आपला प्रांत नव्हे. पण व्यक्ती मात्र लगेच सुचली, कारण गेले वर्षभर ती आमच्या घरात वावरते आहे. डॉ. आनंदीबाई जोशी.

त्याचे असे झाले. गेल्या वर्षी विसर्जन आटोपले आणि चौथ्या दिवशी आमची मुलगी पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला गेली. एकटी. वय २१. आपल्यापैकी पुष्कळांनी तिला मंडपात अथर्वशीर्ष म्हणताना पाहिलेले आहे. आनेकलहून देवनहळ्ळीचा विमानतळ म्हणजे बेंगळुरूचे एक टोक ते दुसरे टोक. त्या सबंध वाटेत सौ. एक शब्द बोलली नाही. त्याआधी नातेवाइकांनी मात्र भरपूर बोलून घेतले होते. एकटी कशी राहणार, खाणार काय, आपल्याकडे कॉलेजे नाहीत का? परत आल्यावर झोप लागेना, म्हणून कपाटातले आनंदीबाईंचे चरित्र काढले, आणि पाहतो तो काय, हेच प्रश्न तिथे १८८३ सालीच विचारून झालेले!

आनंदीबाई माहेरची यमुना. जन्म ३१ मार्च १८६५, कल्याणच्या जोशी घराण्यातला. (रेल्वेवाल्याला राहवत नाही म्हणून सांगतो, कल्याणपर्यंत गाडी १८५४ सालीच पोहोचली होती. यमूच्या जन्माआधी अकरा वर्षे गावाने इंजिनाची शिटी ऐकलेली होती.) नवव्या वर्षी लग्न झाले. गोपाळराव जोशी पोस्ट खात्यात नोकरीला, बिजवर, तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. मुलीला शिकवू दिले पाहिजे, ही त्यांची लग्नाची अट. त्या काळी हुंड्याच्या, मानपानाच्या अटी घालत. ही अट ऐकून कल्याणकरांनी भुवया उंचावल्या असतील.

गोपाळरावांच्या बदल्या सतत होत. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता आणि शेवटी श्रीरामपूर, म्हणजे बंगालमधले, आपले नगरकडचे नव्हे. बदलीचा कागद हातात पडला की संसार कसा बांधावा लागतो, हे आपल्या रेल्वे क्वार्टर्समधल्या वहिनींना सांगायला नको. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. स्त्रियांना तपासायला स्त्री डॉक्टर हवी, हा विचार त्यानंतर पक्का होत गेला.

गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यांना मदत मागितली. तुम्ही ख्रिस्ती व्हा, अशा अर्थाचे उत्तर आले आणि तो पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापलाही गेला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर येण्याची वाट पाहत बसल्या होत्या, तेव्हा त्यांच्या हाती ते मासिक पडले. त्यांनी अनोळखी मुलीला पत्र लिहिले. पुढे दोघींची पत्रे सुरू झाली आणि मुलगी त्यांना मावशी म्हणू लागली. दात दुखला नसता तर पुढचे काय झाले असते, कोण जाणे!

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केले. वय १७. लोक ज्या शंका काढत होते, त्याच एकेक घेऊन त्यांनी उत्तरे दिली. अमेरिकेलाच का, इथे शिकण्याची सोय नाही का? तर मद्रासखेरीज कुठे धड सोय नव्हती, आणि पुस्तके घेऊन रस्त्याने जाणाऱ्या बाईची टिंगल कशी होते, हेही त्यांनी सभेपुढे मांडले. परत आल्यावर जात वाळीत टाकील त्याचे काय? तिथेही मी इथल्यासारखीच राहणार आहे, टाकायचे तर आताच टाका, असा त्यांचा सवाल होता. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हा शब्द त्यांनी दिला आणि पाळला.

एकटीच का, या प्रश्नाचे उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. आधी दोघांनी जायचे ठरले होते. पण तेवढा पैसा नव्हता, आणि गोपाळरावांवर घरच्या वृद्ध आणि लहान माणसांचा भार होता. म्हणून एकटी. त्यात शौर्याचा आव नाही. पगार, घरची माणसे आणि तिकिटाचे भाडे यांचा हिशेब आहे. आपल्या बैठकीत बसून असाच हिशेब आम्हीही केला होता.

७ एप्रिल १८८३ रोजी ‘सिटी ऑफ कलकत्ता’ जहाजाने त्या निघाल्या. अठरा वर्षे पूर्ण होऊन आठवडा झाला होता. सोबत मिशनरी बायका होत्या, घरचे माणूस एकही नाही. मांस-मासे वर्ज्य, तेव्हा जहाजावर जेवणाचे हालच. इंग्लंडमध्ये जहाज बदलून ४ जून रोजी न्यू यॉर्कला पोहोचल्या. एकूण ५८ दिवस! आमची मुलगी दुबईला विमान बदलून दुसऱ्या दिवशी पोहोचली, आणि मधल्या पाच तासांत तिचा मेसेज आला नाही तर आम्ही दोघांनी घर डोक्यावर घेतले होते. गोपाळरावांना बायको सुखरूप पोहोचल्याचे तिच्या हातचे पत्र मिळायला किती आठवडे लागले असतील, याचा विचार करावा.

बंदरावर मावशी न्यायला आल्या होत्या. उन्हाळा रोझेलला काढून आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. प्राचार्या रेचल बॉडली यांनी तीन वर्षांसाठी ६०० डॉलर मंजूर केले. थंडी विलक्षण, खोलीत धूर करणारी शेगडी, आणि प्रकृती मुळात नाजूक. नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडत आणि तिथे ते चालेना, म्हणून गुजराती पद्धतीची साडी सुरू केली. तशी साडी नेसलेला, जपानच्या आणि सीरियाच्या विद्यार्थिनींबरोबरचा त्यांचा १८८५ चा फोटो प्रसिद्ध आहे. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. गोपाळराव तोवर अमेरिकेत पोहोचले होते. पंडिता रमाबाईही समारंभाला खास आल्या होत्या. पदवीच्या प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र.

हे सर्व आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. मला थांबवले ते तिथून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्राने. दहाव्या वर्षी लाकडाने मारणे, बाराव्या वर्षी खुर्च्या आणि पुस्तके अंगावर फेकणे, सोडून जाण्याच्या धमक्या, हे सारे त्यांनी त्यात शांतपणे मांडले आहे. गोपाळरावांमुळेच आपण शिकलो, हे त्या कधीच विसरल्या नाहीत. पण हा हिशेब कल्याणला किंवा श्रीरामपूरला असताना मांडता आला नसता. मध्ये समुद्र आल्यावर आला.

सांगायला लाज वाटते, तरी सांगतो. मला डिग्री करता आली नाही, ती मुलीने करावी या हट्टापायी मी तिला पहाटे उठवून गणिते घालत असे. ती सातवीत असताना एकदा उत्तर चुकले म्हणून कंपासपेटी भिंतीवर फेकली होती. मी विसरलो होतो. यंदा मार्चमध्ये फोनवर बोलता बोलता तिने ती आठवण काढली, न रागावता, कुठले गणित होते त्यासकट. मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. फोन ठेवल्यावर ते पत्र पुन्हा वाचले. मुलगी गेल्याचा अभिमान चारचौघांत मिरवणारा मी, त्या रात्री स्वतःला गोपाळरावांच्या शेजारी बसलेला दिसलो.

असो. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून आनंदीबाईंची नेमणूक झाली होती. १८८६ च्या नोव्हेंबरमध्ये त्या मुंबईला उतरल्या त्याच क्षयाने पोखरलेल्या अवस्थेत. उपचार झाले, गुण आला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावा वाढदिवस महिन्यावर आला होता. कोल्हापूरच्या त्या खुर्चीत त्या एक दिवसही बसल्या नाहीत. एकाही बाईला त्यांच्या हातचे औषध तिथे मिळाले नाही, ही गोष्ट मला त्यांच्या मृत्यूइतकीच लागते.

त्यांच्या अस्थी अमेरिकेला मावशींकडे पाठवल्या गेल्या. न्यू यॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या आहेत. म्हणजे ५८ दिवसांचा तो प्रवास त्यांनी दुसऱ्यांदा केला, आणि या वेळी परतीचे तिकीट नव्हते.

आमच्या मुलीला यंदा सुट्टी नाही. पहिल्या दिवशीच्या संध्याकाळच्या आरतीला फोन लावायचे ठरले आहे. तिकडे तेव्हा दुपारचे चार वाजलेले असतील. उकडीला पाणी किती घ्यायचे ते तिने आईला विचारून ठेवले आहे.