असोद्याची लेक, जळगावची सून

मराठीच्या तासाला बहिणाबाई चौधरींचे नाव निघाले की मी जरा सरसावून बसते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आई अजून अंगठा उठवते. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या बाईची कविता पदवीच्या वर्गात शिकवतात, ही गोष्ट मला नुसती परीक्षेपुरती वाटत नाही.

बहिणाबाईंचा जन्म २४ ऑगस्ट १८८० रोजी जळगावजवळच्या असोदे गावी महाजनांच्या घरी झाला. वडील उखाजी, आई भिमाई. तीन भाऊ, तीन बहिणी, असे भरले घर. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरींशी लग्न झाले आणि वयाच्या तिसाव्या वर्षी कपाळाचे कुंकू पुसले गेले. पदरात काशी, ओंकार आणि सोपान ही तीन लेकरे; सोपान तर अगदी लहान. त्यात प्लेगने ओंकारला गाठले. पोरगा वाचला, पण जन्माचा अधू झाला.

अशा वेळी माणूस एक तर देवाला शिव्या घालतो, नाही तर दगड होऊन बसतो. बहिणाबाई रोजच्या कामाला लागल्या. चूल, जाते, गोठा, शेत. आणि काम करता करता ओव्या रचू लागल्या. दुःख होते म्हणून गाणी सुचली, असे भाषणांतून सांगतात. मला ते पटत नाही. विधवा तर तेव्हा गल्लोगल्ली होत्या. बहिणाबाईंनी दुःखाकडे पाहत बसण्याऐवजी आजूबाजूला पाहिले: पेरलेले बी कसे वर येते, सुगरण घरटे कसे विणते, माणसाचे मन कसे थाऱ्यावर राहत नाही. वैधव्यावरही त्यांनी गाणे केले. पण त्यातही हात पाहायला आलेल्या ज्योतिषाला त्या परतवून लावतात. हा ताठपणा मला फार आवडतो.

त्यांची भाषा लेवा गणबोली. आपल्या चाळीसगावकडे पुष्कळजण तिला अहिराणी समजतात, तशी ती नव्हे. आमच्या घरी अहिराणी बोलतात, म्हणून फरक कळतो. डोळ्याला डोया म्हणणारे मात्र दोघेही! वर्गात तोंडून असा शब्द निसटला की काहीजण हसतात. हसोत बापडे. २०१८ पासून आपल्या विद्यापीठालाच बहिणाबाईंचे नाव आहे.

दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचताना मी आईला त्यांची दोन-तीन गाणी म्हणून दाखवली. तिने एकच विचारले, बाईला लिहिता येत नव्हते तर ही गाणी उरली कशी?

ती उरली सोपानमुळे. शाळेच्या पुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट त्याने आईला वाचून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईचे त्यावर गाणे तयार होते, असे सांगतात. मग तो आणि मावसभाऊ पितांबर चौधरी जमेल तसे उतरवून ठेवू लागले. हाच सोपान पुढे कवी सोपानदेव चौधरी म्हणून नावाजला.

३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई जळगावात वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्रे यांच्यापुढे ठेवली. अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' १९५२ साली निघाली. कुणी उतरवून घ्यायच्या आधीच जात्याच्या घरघरीत विरून गेलेल्या ओव्यांची मोजदाद कोण करणार?