वसईच्या ‘फायनल बॉस’आधी डहाणू-तारापूरचं डंजन साफ करणारे चिमाजी अप्पा

जपानी आरपीजी गेम खेळणाऱ्या कुणालाही विचारा, डंजनमध्ये पार्टी संपते कुठं? शेवटच्या बॉससमोर कमी आणि त्याच्याकडं जाणाऱ्या वाटेवर जास्त.

१९८६ साली जपानमध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला आणि १९८७ साली ‘फायनल फँटसी’. तेव्हापासून डंजनचं गणित फारसं बदललेलं नाही. तुमच्याकडं औषधं मोजकी, जादूचे वार मोजके. वाटेतली प्रत्येक किरकोळ लढाई त्यातलं थोडं थोडं खाते. पहिल्या ‘फायनल फँटसी’त तर एकदा गुहेत शिरलं की बाहेर येईपर्यंत सेव्ह करायची सोयच नव्हती. डंजनच्या आत सेव्ह पॉइंट आले ते १९९१ च्या चौथ्या भागात. १९९५ च्या ‘क्रोनो ट्रिगर’मध्ये तर बरेचसे शत्रू आधीच नकाशावर दिसायला लागले. कुणाला भिडायचं आणि कुणाला वळसा घालायचा, हे खेळणाऱ्याला ठरवता यायला लागलं.

थोडक्यात काय, तर डंजन म्हणजे तीन प्रश्न. कुठली लढाई आधी घ्यायची? कुठली टाळायची? आणि दम कुठं खायचा?

हेच तीन प्रश्न १७३९ साली डहाणूपासून वसईपर्यंतच्या किनाऱ्यावर एका माणसाला खरेखुरे सोडवावे लागले. वय जेमतेम बत्तीस, आणि त्यात छातीचं दुखणं. थोरल्या भावाचं नाव एवढं मोठं की याचं नाव कायम दुसऱ्या ओळीत येतं.

त्यांचं नाव चिमाजी अप्पा.

थोरले बाजीराव, धाकटे अप्पा

चिमाजींचं मूळ नाव अंताजी. वडील बाळाजी विश्वनाथ भट, छत्रपती शाहू महाराजांचे पेशवे. आई राधाबाई. जन्म साधारण १७०७ चा, म्हणजे थोरले बंधू बाजीराव त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी मोठे.

१७२० साली वडील गेले आणि विशीतल्या बाजीरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली. तिथून पुढची वीस वर्षं दोघा भावांनी कामं वाटून घेतल्यासारखी केली. बाजीराव घोड्यावर, सतत मुलूख बदलत. अप्पा कधी मोहिमेवर, कधी साताऱ्याच्या दरबारात, कधी पुण्यात पैशांची आणि माणसांची जुळवाजुळव करत. गेमच्या भाषेत बोलायचं तर हल्ला करणारा एक आणि पार्टी सांभाळणारा दुसरा.

पण म्हणून अप्पा मागं बसणारे होते असं समजू नका. नोव्हेंबर १७२८ मध्ये माळव्यात अमझेऱ्याला त्यांनी मोगलांचा सुभेदार गिरधर बहादूर आणि त्याचा चुलतभाऊ दया बहादूर यांच्या फौजेचा पराभव केला. दोघंही या लढाईत मारले गेले. माळव्याचं दार मराठ्यांना उघडून दिलं ते या लढाईनं. अप्पांचं वय तेव्हा एकवीसच्या आसपास होतं.

दोन वर्षांनी, १७३० साली, त्यांना मुलगा झाला आणि त्याच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत पत्नी रखमाबाई वारल्या. मुलाचं नाव सदाशिव. पुढं पानिपतावर पडलेले सदाशिवराव भाऊ ते हेच.

एप्रिल १७३६ मध्ये अलिबागजवळ कामार्ल्याच्या लढाईत अप्पांनी जंजिऱ्याच्या सिद्दी सातला मारलं. कोकणातला एक मोठा शत्रू कमी झाला. आता समोर उरले होते पोर्तुगीज.

डंजनचा नकाशा

वसई पोर्तुगीजांकडं १५३४ पासून होती, म्हणजे दोनशे वर्षं. पण ‘वसई’ म्हणजे फक्त एक किल्ला नव्हे. साष्टी बेटापासून उत्तरेला दमणपर्यंत किल्ल्यांची आणि गढ्यांची माळच होती. ठाणे, वेसावे, धारावी, अर्नाळा, केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू, उंबरगाव. त्यातला माहीम म्हणजे मुंबईचा नव्हे बरं का, पालघरजवळचा केळवे-माहीम. आतल्या डोंगरात अशेरीगड. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात सेगवाह आणि गंभीरगड.

ही रचना नीट बघा. वसईच्या तीन बाजूंना समुद्र, खाडी आणि दलदल. जमिनीवरून जायला फक्त उत्तरेची वाळूची पट्टी. वसई अडचणीत आली तर दमणहून किनाऱ्यानं मदत येणार, गोव्याहून समुद्रानं येणार आणि साष्टीतून धान्य येणार. म्हणजे सगळ्यात मोठा शत्रू मध्यभागी बसलाय आणि चारी बाजूंच्या खोल्यांतून त्याला सतत औषध मिळतंय. अशा बॉसला थेट जाऊन भिडलं तर काय होतं, हे गेमरला सांगायला नको.

मराठ्यांना ते अनुभवानं कळलं.

पहिला डाव : ठाणे मिळालं, वसई नाही

साष्टी आणि वसईतल्या हिंदूंवर धर्माच्या बाबतीत कडक बंधनं होती. भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ कितीतरी वर्षं पेशव्यांकडं या मुलखात उतरा म्हणून खेटे घालत होते. वाटा कुठल्या, खाडी कुठं उतरता येते, पहारा कधी ढिला असतो, ही माहिती अशा स्थानिक माणसांकडूनच आली.

मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतलं. तिथल्या किल्ल्याचं बांधकाम अजून पुरं व्हायचं होतं. ठाणे म्हणजे साष्टीचं दार, ते हातात आलं. अर्नाळा बेटही आलं. पण त्याच वर्षी वसईवर शिड्या लावून चढायचा प्रयत्न झाला तो फसला. पुढं माहीमचा वेढाही उठवावा लागला.

याच काळात उत्तरेत निजाम चालून आला. डिसेंबर १७३७ मध्ये बाजीरावांनी त्याला भोपाळला कोंडलं. त्या वेळी अप्पा कुठं होते? तापीच्या काठावर, निजामाच्या मुलाची कुमक अडवत. भोपाळच्या विजयात अप्पांचं नाव फारसं येत नाही, कारण त्यांचं काम लढाई होऊ न देण्याचं होतं.

पण यातून अप्पा एक गोष्ट शिकले असणार, असं पुढच्या मोहिमेवरून दिसतं. मोठ्या शत्रूला मारण्याआधी त्याची मदत तोडायची.

दुसरा डाव : आधी खोल्या, मग बॉस

१७३८ च्या शेवटी पोर्तुगीजांनी ठाणे परत घ्यायचा प्रयत्न केला. त्यांचा सेनापती पेद्रो द मेलो किल्ल्यावरच्या तोफेच्या माऱ्यात ठार झाला. त्याच सुमारास अप्पा स्वतः कोकणात उतरले.

या वेळी ते वसईवर गेले नाहीत. आधी उत्तरेचा किनारा धरला.

जानेवारी १७३९ मध्ये माहीम पडलं. मग केळवे, शिरगाव, तारापूर, डहाणू अशी एकेक ठाणी गेली. अशेरीगडही आला. महिन्याभरात वसई आणि दमण यांच्यामधली साखळी तुटली.

त्याच वेळी गोव्यात काय चाललं होतं? अप्पांचे मेहुणे व्यंकटराव घोरपडे फौज घेऊन गोव्याच्या मुलखात शिरले होते. मडगाव त्यांनी घेतलं. गोव्याचाच जीव टांगणीला लागल्यावर वसईला मोठी मदत पाठवणार कोण? इकडं मार्चपर्यंत वेसावे आणि धारावीही मराठ्यांकडं आले, आणि मानाजी आंग्र्यांनी उरणच्या बाजूनं दाब वाढवला. मुंबईचे इंग्रज पोर्तुगीजांना थोडाफार दारूगोळा देत होते, पण उघड लढाईत उतरायला तयार नव्हते.

औषध येणाऱ्या वाटा एकामागून एक अशा बंद झाल्या.

तारापूरची किंमत

इथं गेमची तुलना थांबवावी लागते. ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये तुम्ही मेलात तर राजासमोर परत उभे राहता. निम्मं सोनं जातं, पण मिळवलेला अनुभव शाबूत राहतो. तारापूरला तसं नव्हतं.

तारापूरच्या तटाला सुरुंग लावले गेले आणि मराठे आत घुसले. आतले पोर्तुगीज शेवटपर्यंत लढले. शत्रूच्या या शौर्याची तारीफ अप्पांनी स्वतःच्या पत्रात केली आहे. या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. पेशव्यांच्या घरोब्यातला, भावासारखा माणूस. मोहीम चालू असतानाच अप्पांनी त्यांच्या आईला सांत्वनाचं पत्र लिहिलं.

म्हणजे ज्याला आपण ‘छोटी ठाणी’ म्हणतो, ती घेतानाही माणसं जात होती. अप्पांनी वाट लांबची निवडली, पण लांबची वाट म्हणजे स्वस्तातली वाट नव्हती. फरक एवढाच की वसईसमोर उभं राहताना पाठीत वार करायला मागं कुणी उरलं नव्हतं.

वसई : घड्याळ लावलेली लढाई

फेब्रुवारी १७३९ मध्ये वसईचा वेढा आवळला. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे असे मोठे सरदार येऊन मिळाले. आता शिड्या लावून थेट चढायची घाई नव्हती. वाळूच्या बाजूनं मोर्चे हळूहळू पुढं सरकवायचे, तटाच्या पोटात सुरुंग खणायचे, आतून पोर्तुगीजांनी ते हाणून पाडले की नवे खणायचे. वेढ्यात किल्ल्याचा सरदार मार्तिन्यू द सिल्व्हेरा मारला गेला. त्याची जागा दुसऱ्यानं घेतली आणि किल्ला लढतच राहिला.

पण अप्पांच्या डोक्यावर दोन घड्याळं टिकटिकत होती.

एक पावसाचं. जूनमध्ये पाऊस लागला की वाळूत खणलेले मोर्चे बुडणार.

दुसरं दिल्लीचं. मार्च १७३९ मध्ये नादिरशहा दिल्लीत शिरला होता. तो दक्षिणेकडं वळला तर त्याला अडवायला बाजीरावांना प्रत्येक घोडेस्वार हवा होता, आणि ऐन कामाची फौज वसईत अडकली होती.

वेढा उठवला तर दोन वर्षांचं काम आणि गेलेली माणसं वाया जाणार. लांबवला तर वर राज्यावर संकट. शेवटी चिडून अप्पांनी, किल्ला घेता येत नसेल तर निदान माझं डोकं तोफेला बांधून आत उडवा, असं सरदारांना सांगितल्याची आख्यायिका आजही सांगितली जाते. ती शब्दशः खरी मानायची गरज नाही. पण त्या दिवसांतला दाब किती होता, हे तिच्यातून कळतं.

मेच्या सुरुवातीला मोठे सुरुंग उडाले आणि तटाला खिंडार पडलं. मराठे आत धावले, तेवढ्यात मागं राहिलेला सुरुंग उशिरा उडाला आणि त्यांच्यातलेच कितीतरी जण त्याखाली गेले. तरी हल्ला थांबला नाही. बुरूज हातातून गेल्यावर पोर्तुगीजांनी बोलणी लावली आणि मे १७३९ मध्ये वसईचा तह झाला.

या तहात अप्पांचं वेगळेपण दिसतं. हजारो माणसं गमावल्यावर आत कत्तल करणं त्या काळात कुणाला नवल वाटलं नसतं. पण किल्ल्यातल्या लोकांना सामान आणि हत्यारं घेऊन मानानं निघून जायला आठवडाभराची मुदत मिळाली. जे राहतील त्यांना आपला धर्म पाळायची मुभा मिळाली. वसईत मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज आजही आहे.

चर्चमधल्या घंटा मात्र विजयाची खूण म्हणून घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली किंवा भीमाशंकरची मोठी घंटा पाहिलीत तर ती या मोहिमेची आठवण आहे.

शेवटचं दीड वर्ष

गेममध्ये बॉस पडला की संगीत वाजतं आणि नावं सरकायला लागतात. अप्पांच्या वाट्याला ते सुख आलं नाही.

वसईनंतर ते परतले ते घरातल्या भांडणात. बाजीराव आणि मस्तानी यांच्या नात्यावरून पेशव्यांचं घर दुभंगलं होतं. मस्तानीला बाजीरावांपासून दूर नजरकैदेत ठेवणाऱ्यांत अप्पा होते. शत्रूला मानानं जाऊ देणारा माणूस घरातल्या बाईशी असा वागला, हे त्यांचं चरित्र सांगताना गाळून चालणार नाही.

एप्रिल १७४० मध्ये नर्मदेकाठी रावेरखेडीला बाजीराव गेले. अप्पांनी पुतण्या नानासाहेबांना पेशवाई मिळेपर्यंत सगळं सावरलं. पण छातीच्या दुखण्यानं शरीर पोखरलं होतं. डिसेंबर १७४० मध्ये, भावामागोमाग आठच महिन्यांत, अप्पा गेले. वय तेहतीसच्या आसपास. दुसऱ्या पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. दहा वर्षांचा सदाशिव मागं राहिला. पुण्यात ओंकारेश्वराच्या आवारात अप्पांची समाधी आहे.

मग अप्पांचं मोठेपण कशात?

वेगाचं कौतुक सगळेच करतात आणि बाजीराव वेगाचे बादशहा होते. अप्पांना मिळालेलं मैदान मात्र वेगानं जिंकता येणारं नव्हतं. तिथं क्रम महत्त्वाचा होता. कुठला किल्ला आधी, कुठली मदत आधी तोडायची, माणसं कुठं खर्च करायची आणि कुठं राखायची. १७३७ साली हा क्रम चुकला तेव्हा वसई हाती लागली नाही. १७३९ साली तो जमला आणि दोनशे वर्षांची सत्ता पाच महिन्यांत गेली.

पुढच्या वेळी डहाणूहून लोकलनं निघालात तर बोईसरला तारापूर आठवा, पालघरला शिरगाव आणि माहीम, मग केळवे रोड. वसई रोड येईपर्यंत अप्पांच्या मोहिमेतली बरीच ठाणी तुमच्या खिडकीच्या पश्चिमेला मागं पडलेली असतील. गाडीला सत्तरेक किलोमीटरच्या या पट्ट्याला दोन तासही लागत नाहीत.