छातीचा पिंजरा उघडणारे डॉक्टर : प्रफुल्लकुमार सेन



हे वाचता वाचता आपला हात क्षणभर छातीच्या मध्यभागी ठेवा. बोटांखाली जे कठीण हाड लागते, ती उरोस्थी. तिच्या दोन्ही बाजूंना बरगड्यांच्या १२ जोड्या आहेत. वरच्या ७ जोड्या कूर्चेने थेट उरोस्थीला जोडलेल्या असतात. पुढच्या ३ आपापल्या वरच्या बरगडीच्या कूर्चेचा आधार घेतात आणि शेवटच्या २ पुढून मोकळ्याच राहतात. दोन बरगड्यांमध्ये स्नायूंचे ३ थर असतात. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेशी एका खोबणीत शीर, रोहिणी आणि मज्जातंतू लपलेले असतात. म्हणूनच छातीत साठलेले पाणी काढताना डॉक्टर सुई नेहमी बरगडीच्या वरच्या कडेला लागून घालतात. निसर्गाची रचना ज्याला ठाऊक, त्याच्याच हातून इजा टळते.

हा पिंजरा मजबूत आहे, पण त्याला भोक पडलेले चालत नाही. आपण श्वास घेतो तेव्हा बरगड्या वर उचलल्या जातात, तळाचा पडदा खाली सरकतो आणि हवा आत ओढली जाते. छातीची भिंत उघडली तर बाहेरची हवा आत शिरते व फुफ्फुस आकसते. त्यामुळे पोटाची शस्त्रक्रिया रुळली, तरी छातीला हात लावायला शल्यविशारद कचरत. श्वासनलिकेत नळी घालून फुफ्फुसे फुगती ठेवण्याची भूल आली, तेव्हा कुठे हे दार उघडले.

आपल्या मुंबईत हे दार उघडणाऱ्यांत अग्रणी होते डॉ. प्रफुल्लकुमार सेन. जन्म १९१५ सालचा, शालेय शिक्षण नागपुरात आणि वैद्यकीय शिक्षण परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात. तेथीलच के. ई. एम. रुग्णालय ही त्यांची कर्मभूमी झाली. १९४९ च्या सुमारास रॉकफेलर शिष्यवृत्ती मिळवून ते अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेले. शिकून परत आले आणि महापालिकेच्या, म्हणजे गोरगरिबांच्या, रुग्णालयात त्यांनी हृदय व छातीच्या शस्त्रक्रियेचा विभाग उभा केला.

साधने तुटपुंजी होती, पण जिज्ञासा अफाट होती. सापाच्या हृदयाच्या स्नायूला आतल्या कप्प्यातूनच रक्त मिळते, हे पाहून त्यांच्या मनात विचार आला, की माणसाच्या अडलेल्या हृदयालाही तसे रक्त पोचवता येईल का? त्यावर त्यांनी प्रयोग केले आणि १९६५ मध्ये ते प्रसिद्ध केले. तेराव्या शतकात दमास्कस येथे शिकलेल्या इब्न अल-नफीस या हकिमाने असाच एक प्रश्न विचारला होता. हृदयाच्या उजव्या कप्प्यातले रक्त डाव्या कप्प्यात जाते कोठून? मधल्या भिंतीला भोक नाही, ते फुफ्फुसातून फिरून येते, असे त्याने त्या वेळच्या मान्य मताविरुद्ध लिहून ठेवले. काळ वेगळा, मुलूख वेगळा, पण पाहण्याची रीत एकच.

डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डॉ. बर्नार्ड यांनी जगातील पहिले मानवी हृदयारोपण केले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, परळला डॉ. सेन यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले. त्याआधी प्राण्यांवर त्यांचा दीर्घ सराव झाला होता. दाता होती गाडीतून पडून डोक्याला जबर मार लागलेली एक तरुणी आणि ज्याला हृदय दिले तो एक तरुण शेतकरी. नवे हृदय धडधडू लागले. परंतु फुफ्फुसातील रक्तवाहिन्यांचा विरोध त्याला पेलवला नाही आणि सुमारे तीन तासांत रुग्ण दगावला. त्याच वर्षी दुसरा प्रयत्न झाला. तोही रुग्ण काही तासच जगला.

वाचक हो, याला आपण अपयश म्हणावे का? मेलेल्याचा मान आणि जिवंताचा हक्क यांची मर्यादा कोठे, हे सांगणारा कायदा तेव्हा देशात नव्हता. नवा अवयव शरीराने झिडकारू नये यासाठीची आजची औषधेही नव्हती. डॉ. सेन यांना १९६९ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९८२ मध्ये ते निवर्तले. यशस्वी हृदयारोपण पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. अवयवदानाचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि त्याच वर्षी दिल्लीत देशातील पहिले यशस्वी हृदयारोपण झाले.

पुढची गोष्ट तर आपल्या मुलुंडचीच. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्यातील एका दात्याचे हृदय विमानाने मुंबईला आणले गेले. पोलिसांनी रस्ते मोकळे केले आणि ते मुलुंडच्या रुग्णालयात पोचून एका तरुणाच्या छातीत धडधडू लागले. परळच्या त्या रात्रीनंतर तब्बल ४७ वर्षांनी मुंबईला हे यश लाभले. परळ ते मुलुंड हा लोकलचा तासाभराचासुद्धा प्रवास नाही. विद्येला मात्र तेवढे अंतर कापायला जवळजवळ अर्धे शतक लागले.

पालकहो, मुलाला एखाद्या परीक्षेत कमी गुण पडले म्हणून त्याची शाळा सोडवू नका, आणि मुलीची तर मुळीच नाही. विद्यार्थ्यांनो, शरीरशास्त्राच्या पुस्तकातील बरगड्यांचे चित्र केवळ गुणांसाठी काढू नका. आपल्या छातीवर हात ठेवून ते ताडून पाहा. आज तुम्ही अर्धवट सोडवलेले गणित उद्या दुसरा कोणी पुरे करील. पण आधी कोणीतरी ते मांडावे लागते.