आरशाचे तुकडे जोडणारा खगोलज्ञ

इटलीतील सिसिली बेटावर एटना ज्वालामुखीच्या उतारावर गॅमा किरणांचा वेध घेणारी एक दुर्बीण उभी आहे. तिचा ४.३ मीटर व्यासाचा मुख्य आरसा १८ षटकोनी तुकड्यांचा बनलेला आहे. २०१८ मध्ये या दुर्बिणीला गुइदो हॉर्न दार्तुरो यांचे नाव देण्यात आले. अनेक छोट्या आरशांतून एक मोठा आरसा घडवण्याची कल्पना या खगोलशास्त्रज्ञाने १९३२ मध्येच मांडली होती.

हॉर्न यांचा जन्म १८७९ मध्ये त्रिएस्ते येथील ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. व्हिएन्नात शिक्षण घेऊन ते इटलीत आले. पहिल्या महायुद्धात ते इटलीच्या सैन्यात स्वेच्छेने दाखल झाले. ऑस्ट्रियाच्या हाती सापडल्यास ओळख पटू नये, म्हणून त्यांनी वडिलांच्या नावावरून 'दार्तुरो' हे नाव जोडले. १९२१ मध्ये बोलोन्या विद्यापीठाच्या वेधशाळेची सूत्रे त्यांच्याकडे आली. १९३१ मध्ये त्यांनी 'चेलुम' हे खगोलविषयक मासिक सुरू केले.

एकसंध मोठा आरसा महाग पडतो आणि स्वतःच्याच वजनाने वाकतो. यावर हॉर्न यांनी शोधलेला उपाय साधा होता. छोटे आरसे शेजारी शेजारी मांडायचे, प्रत्येकाखाली तीन स्क्रू बसवायचे आणि सर्वांच्या प्रतिमा एकाच बिंदूवर येईपर्यंत ते फिरवत राहायचे. १९३५ मध्ये सुमारे एक मीटर व्यासाचा नमुना तयार झाला. परंतु १९३८ च्या वंशभेदी कायद्यांनी ज्यू असल्याच्या कारणावरून त्यांचे पद हिरावून घेतले. मासिकही हातून गेले. आयुष्यातील सात महत्त्वाची वर्षे अशी वाया गेली.

१९४५ मध्ये पद परत मिळाले, तेव्हा त्यांचे वय ६६ होते. त्यांनी अर्धवट राहिलेले काम पुन्हा हाती घेतले. १९५३ मध्ये ६१ षटकोनी तुकड्यांचा १.८ मीटर व्यासाचा आरसा पूर्ण झाला. तो वेधशाळेच्या जुन्या मनोऱ्यात बसवण्यात आला. प्रकाशाला वाट मिळावी म्हणून मनोऱ्याच्या मजल्यांना भोके पाडावी लागली. हा आरसा स्थिर होता. केवळ डोक्यावरचे आकाश त्याला दिसे. तरीही त्यातून सुमारे १७ हजार छायाचित्रे घेण्यात आली आणि काही नवे रूपविकारी तारे सापडले. हॉर्न १९६७ मध्ये बोलोन्यात निधन पावले.

गॅमा किरण जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत. वातावरणात त्यांच्यामुळे उमटणारी निळसर प्रकाशाची झलक काही अब्जांश सेकंदच टिकते. ती टिपण्यासाठी अवाढव्य आरसा हवा. मात्र ताऱ्यांच्या छायाचित्रांइतकी रेखीव प्रतिमा आवश्यक नसते. त्यामुळे तुकड्यांचा आरसा येथे सर्वाधिक सोयीचा ठरला. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पुढाकाराने लडाखमधील हानले येथे उभारलेल्या आणि २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या २१ मीटर व्यासाच्या 'मेस' दुर्बिणीतही असेच १४२४ आरसे आहेत. बोलोन्याच्या मनोऱ्यातील ६१ तुकड्यांमागचे तत्त्वच तेथे अधिक मोठ्या प्रमाणावर वापरले आहे.