विश्लेषण : केनेडींच्या जिवावर बेतलेली १९५४ची शस्त्रक्रिया… भूल देण्यापूर्वी हार्मोन्सची माहिती का महत्त्वाची?

अमेरिकेचे माजी अध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांची प्रतिमा तरुण, तंदुरुस्त नेत्याची होती. प्रत्यक्षात त्यांच्या शरीरात कॉर्टिसॉल हे अत्यावश्यक हार्मोन पुरेसे तयार होत नव्हते. मतदारांपासून लपवलेला हा आजार शस्त्रक्रियागृहात मात्र लपवून चालणार नव्हता.

आजार कोणता?

१९४७ मध्ये लंडनमध्ये केनेडींना ॲडिसन विकाराचे निदान झाले. यात मूत्रपिंडांवरील ॲड्रिनल ग्रंथी निकामी होतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीने ॲड्रिनलला संदेश पाठवणे थांबवले, तरीही कॉर्टिसॉलची कमतरता होतेच.

धोका कशामुळे?

शस्त्रक्रियेचा ताण आला की निरोगी शरीर कॉर्टिसॉल वाढवते. या रुग्णांत ते वाढत नाही. त्यामुळे भूल दिल्यावर रक्तदाब कोसळू शकतो आणि तो वाढवण्याची औषधेही नीट लागू पडत नाहीत.

१९५४ मध्ये काय घडले?

सिनेटर केनेडींना पाठदुखीने हैराण केले होते. धोका ओळखून काही डॉक्टरांनी शस्त्रक्रियेला विरोध केला. तरीही २१ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये ती झाली. आधी, दरम्यान आणि नंतर त्यांना स्टेरॉइड देण्यात आले. पुढे जंतुसंसर्ग होऊन ते कोमात गेले. धर्मगुरूंना बोलावून अंतिम संस्कारविधीही झाला. मात्र ते बचावले. फेब्रुवारी १९५५ मध्ये पाठीतील धातूची पट्टी काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली.

गुपित कसे फुटले?

१९५५ मध्येच एका वैद्यकीय नियतकालिकात ३७ वर्षांच्या निनावी रुग्णाची नोंद छापून आली. १९६०च्या निवडणुकीत केनेडींच्या गोटाने ॲडिसनचा इन्कार केला. १९६३ मध्ये त्यांची हत्या झाली. तो निनावी रुग्ण केनेडीच होते, हे १९६७ मध्ये एका डॉक्टरने दाखवून दिले.

आज काय केले जाते?

मोठ्या शस्त्रक्रियेत भूल देताना प्रौढ रुग्णाला साधारण १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून दिले जाते आणि नंतरही ते सुरू ठेवतात. पिट्युटरीच्या रुग्णात थायरॉइड हार्मोनही कमी असेल, तर आधी कॉर्टिसॉलची भरपाई होते. क्रम उलटला तर जिवावर बेतू शकते. म्हणूनच स्टेरॉइडच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत आणि भूलतज्ज्ञांपासून काहीही लपवू नये.